मोरसच्या अण्णाचं तेरावं

माझा थोरला भाऊ समुद्रापलीकडे जन्मला आणि मी वडगावला, आजोळच्या म्हशींच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. एवढ्या एका फरकावरून पुढे जे घडलं ते ऐकून लोक अजून हसतात. हसू देत बापडे. मीही हसतो, पण सगळ्या ठिकाणी नाही.

आमचे आप्पा तरुणपणी घरात भांडून, हातमाग सोडून, आईला घेऊन मोरस बेटावर ऊस तोडायला गेले होते. ज्या बेटाची पांढरी साखर आपल्याकडे यायची आणि जिला लोक मोरस याच नावाने ओळखायचे, तेच हे बेट. तिथे मारुतीराव जन्मला, म्हणजे आमचा अण्णा. तो दोन वर्षांचा असताना सगळे परत आले, आप्पांनी पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि मग मी झालो.

अण्णाला त्या बेटावरचं काडीइतकंही आठवत नव्हतं. पण सांगायला आठवावं लागतं असं थोडंच आहे? मी लहान असताना त्याच्या गोष्टीतला ऊस माणसाएवढा होता. माझं लग्न झालं तोवर तो माडाएवढा झाला. निपाणीच्या बाजारापासून गुंजीच्या स्टेशनापर्यंत असा माणूस सापडायचा नाही, ज्याला अण्णाने तो ऊस ऐकवला नसेल. गल्लीत त्याला मोरसचा अण्णा म्हणायचे आणि ते त्याला पदवीसारखं आवडायचं. आमच्याकडे दुसरं होतं तरी काय मिरवायला?

आमचं घर बेळगाव म्युनिसिपालटीच्या हद्दीत, पण अगदी कडेला. समोरची ओळ शहापूरची, म्हणजे सांगली संस्थानातली. रस्ता ओलांडला की राजा बदलायचा. सकाळी आम्ही ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावून तो वाळवायला बाहेर पसरायचो, तर त्याचं एक टोक इंग्रजांकडे असायचं आणि दुसरं संस्थानात. घरात दोन माग, अण्णा आणि मी, त्याची बायको बायाक्का, माझी बायको अक्काताई, माझी दोन पोरं आणि अण्णाची एकुलती एक जया. जयाचा साखरपुडा झाला होता. बोरगावच्या केदारी विणकराचा परसू, हाताचा चपळ आणि तोंडाचा गरीब मुलगा. लग्न वैशाखात धरलं होतं.

साल छत्तीस असेल. कॅम्पात एक पेन्शनीतला साहेब राहायचा, त्याला आकडेमोडीचं वेड. या शहरात राहणारे, पण समुद्रापलीकडे जन्मलेले जे कोणी आहेत त्यांच्या घरात महिन्याला काय येतं, हे त्याला मोजायचं होतं. साहेबलोकांचे या देशात फार हाल होतात, हे सरकारला दाखवून भत्ता मिळवावा असा त्याचा बेत. पण बंगल्याबंगल्यांत विचारलं तर सगळे खाऊनपिऊन सुखी निघाले. साहेब हिरमुसला. समुद्रापलीकडचा एखादा तरी खराखुरा गरीब मिळतो का ते बघ, म्हणून त्याने आपला कारकून आण्णाप्पा गावात पाठवला. आण्णाप्पाने चहाच्या दुकानात चौकशी केली आणि दुकानातली सगळी तोंडं एकदम म्हणाली, मोरसचा अण्णा.

आण्णाप्पा आमच्या उंबऱ्यात उभा राहिला.

"ह्या घराचा कर्ता कोण?"

"मीच की," अण्णा मागावरूनच म्हणाला.

"जलम?"

"मोरस बेट. तिथला ऊस बगा, ह्यो असा..."

"उसाचं ऱ्हाऊ द्या. घरात म्हैन्याला काय येतंय?"

"समद्यांचं मिळून ईस रुपये. यखाद्या म्हैन्यात बावीस."

मी पलीकडच्या मागावर बसलो होतो. "आन् मला न्हाय व्हय इचारायचं?" मी म्हणालो. "त्या ईसातलं धा मी इणतोय."

"तुमचा जलम कुठला?"

"वडगाव."

आण्णाप्पाने पेन्सिल कानावर ठेवली. "वडगावच्या माणसाला कोण इचारतंय," म्हणाला आणि गेला. मला त्याचा असा राग आला की दिवसभर सूत तुटत राहिलं.

पुढे महिन्याभराने साप्ताहिकात साहेबाचा आकडा छापून आला. मास्तर पारावर बसून मोठ्याने वाचायचे, त्यांनी वाचला. समुद्रापलीकडे जन्मलेल्या शहरवासीयांच्या घरांचं मासिक उत्पन्न सरासरी तीनशे बारा रुपये. साहेबाने काय केलं होतं तर कर्नलचे हजार, पाद्र्याचे पाचशे, डॉक्टरीण बाईचे चारशे, बाकीच्यांचे दोनशे-अडीचशे आणि आमचे वीस असे सगळे एका घागरीत ओतले, ढवळले आणि सगळ्यांना सारखे वाढले. आमच्या ताटात तेवढं काही पडलं नाही.

मास्तरांनी सरासरी म्हणजे काय ते दोनदा समजावलं. पण तीनशे बारा ऐकल्यावर माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही. गल्लीत समुद्रापलीकडे जन्मलेला कोण? अण्णा. मग अण्णाचे तीनशे बारा. सरकारी माणसाने मोजलेत, छापून आलेत, आता वाद कसला? आणि मी, त्याच घरात राहणारा, त्याच तव्यावरची भाकरी खाणारा त्याचा सख्खा भाऊ, गरीबच राहिलो. लोक मला गाठून हळूच विचारायचे, "भावाकडं एवढं हाय, तुला काय देत न्हाय व्हय रं?"

पहिले काही दिवस अण्णाला मजा वाटली. तो हात मागे बांधून चालायला लागला. मग हजामाने दाढीचा दर वाढवला. देवळाच्या पंचांनी येऊन चांदीचा कळस मागितला आणि नाही म्हटल्यावर गल्लीभर तोंडं वाकडी झाली. त्याच्यावर कडी केली सुताच्या व्यापाऱ्याने. तो आजवर सूत उधार द्यायचा, पातळ विकलं की आम्ही पैसे भागवायचो. आता म्हणाला, तीनशेवाल्याला उधारी कशाला लागते, रोख टाका. रोख कुठून आणणार? एक माग बंद पडला. श्रीमंत झाल्यापासून आमच्या घरात महिन्याला बारा रुपये येऊ लागले.

हेही आम्ही सोसलं असतं. पण माघ महिन्यात केदारी आला. साखरपुड्याला आम्ही परसूच्या डोक्याला बांधलेला पटका त्याने घडी करून परत आणला होता.

"अण्णा, राग धरू नगा," तो उंबऱ्यातच बसला, आत येईना. "सोयरीक बरोबरीत करावी. तुमची पोर माझ्या घरात काय खाणार? आमच्याकडं जोंधळ्याची भाकरी आन् झुणका."

"आन् आमच्याकडं काय बासुंदी हाय?" मी म्हणालो. "चुलीवरलं बगून या जावा."

"त्ये तुमी दावताय तसं. तीनशे बारावाला माणूस फाटकं धोतार नेसतोय, म्हंजे किती मुरलेला आसंल!"

अण्णाने आईची शपथ घेतली, देवाची घेतली, मागावर हात ठेवून घेतली. केदारी मान हलवत राहिला. "सरकार खोटं बोलतंय म्हणता? मग तर लईच अवघड. सरकारशी वाकडं असल्यालं घर नगो बाबा."

त्याला लोभ असता तर मी समजलो असतो, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण माणूस खरोखर घाबरला होता. आपल्या दोन खणांच्या घरात एका धनवानाची लेक येऊन रडते आहे, असं त्याला स्वप्न पडायचं म्हणे. आणि इकडे जया दाराआड उभी होती. आमच्यात साखरपुडा मोडलेल्या मुलीला पुढे स्थळ येतं ते बिजवराचं, तेही दमेकरी. बायाक्काने चुलीपुढे बसून पदर तोंडाला लावला. ते बघून मला केदारीपेक्षा अण्णाच्या त्या उसाचाच जास्त संताप आला.

उठताना केदारी म्हणाला, "सरकारनं छापलंय, सरकारनंच पुसावं. तुमचं घर त्यातनं निघालं की म्या ह्योच पटका परसूला पुन्यांदा बांधून वरात आणतो. माझा सबूद."

अक्काताई म्हणाली, "अण्णा हितंच जल्मले म्हणून सांगा की." पण कुणाला सांगणार? चाळीस वर्षं ज्याने तालुकाभर ऊस पेरला, त्याच्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

मग आम्ही दोघे कॅम्पात साहेबाकडे गेलो. साहेब अण्णाला बघून इतका हरखला की त्याने त्याला खुर्ची दिली. मला दिली नाही, मी वडगावचा. त्याचं म्हणणं आण्णाप्पाने सांगितलं ते असं, की बाबा, या शहरातल्या समुद्रापलीकडच्या लोकांत तूच एक खरा गरीब आहेस. तुझ्यामुळे माझी सरासरी खाली येते. तुला मी काढणार नाही. तुझ्यासारखे आणखी चार मिळाले असते तर माझा भत्ता कधीच मंजूर झाला असता. मग त्याने अण्णाला स्वतःच्या हाताने एक बिस्कीट दिलं. अण्णाने ते जयासाठी धोतराच्या सोग्यात बांधलं.

पायऱ्या उतरताना आण्णाप्पा आमच्या मागून आला. त्याला आमची दया आली असावी. "ह्ये बगा," तो म्हणाला, "सायबाचा नेम असा हाय की घर कर्त्याचं. कर्त्याचा जलम तिकडचा, तर घर तिकडचं. कर्ता बदलला की घर आपसूक गळतंय. उद्या ह्यो धाकटा नागोजी कर्ता झाला तर तुमचं घर वडगावचं. आन् वडगावच्या घराला कोण इचारतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्याने मला बरं वाटलं.

घरी येताना वाटेत अण्णाने एकदाच तोंड उघडलं. "आमच्या मोरसला..." म्हणाला आणि डोक्यावरचा पटका नीट करत चालायला लागला.

आता कर्ता बदलायचा म्हणजे काय करायचं? आमच्यात रीत एकच. घरचा कर्ता गेला की तेराव्याला सोयऱ्यांनी त्याचा पटका पुढच्या माणसाच्या डोक्याला बांधायचा. पटका बांधला की तो कर्ता, त्याशिवाय नाही. आम्ही भटजींना विचारलं. भटजींनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"जिवंत कर्त्याचा पटका उतरवलेला मी तरी पाहिला नाही," ते म्हणाले. "त्याला मरावंच लागतं."

"मग मेल्यावानी करू या की," अण्णा म्हणाला.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. भटजींनी खूप विचार केला, दक्षिणा दुप्पट सांगितली आणि तोडगा काढला. दहावं, बारावं, तेरावं एकाच सकाळी उरकायचं. दहन नाही, कारण दहन करण्यासारखं काही नाही. सुतक अर्ध्या दिवसाचं. गल्लीतल्या एका म्हातारीने बायाक्काला विचारलं, "मग तुझ्या बांगड्यांचं कसं गं?" बायाक्का हातात मागावरचा धोटा घेऊनच उठली. "माझ्या कुंकवाकडं कुणी नुसतं बगितलं तरी टाळकं फोडीन," म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

एका गुरुवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या विहिरीवर गेलो. मी, भटजी, बायाक्का, पटका बांधायला तिचा भाऊ भरमू, साक्षीला बोरगावहून आलेला केदारी, गल्लीतले दहाबारा जण आणि अण्णा. अण्णाचा उत्साह तर विचारू नका. आपल्या तेराव्याला कोण कोण आलं नाही हे मोजून तो चिडत होता. व्यापारी आला नव्हता. "जिता असताना सूत दिलं न्हाय, मेल्यावर तोंड दावाय काय झालं?" म्हणाला.

मयताच्या आवडीचं रांधायचं असतं, म्हणून अक्काताईने भरलं वांगं आणि मोरस साखरेची खीर केली होती. पान मांडलं, वर पिंड ठेवला. वांग्याचा वास सुटला तसा अण्णा माझ्या कानाशी आला. "जरा चाखू का रं?"

"मयतानं कावळ्याच्या आदी खायचं नसतंय," मी म्हणालो.

आम्ही मागे सरून उभे राहिलो. चिंचेवर एक कावळा आला, खाली बघितलं आणि तिथेच बसून राहिला. बराच वेळ गेला. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागे राहिली, हे कुणाला सांगायला नको. मग आमच्यात जसं करतात तसं एकेकाने पुढे होऊन मोठ्याने वचन द्यायला सुरुवात केली.

"दोनी माग चालू ठिवू!" मी ओरडलो. कावळा हलला नाही.

"भाच्चीला लग्नात पैंजण घालीन!" भरमू म्हणाला. कावळ्याने पंख चोचीने साफ केला.

"पोरीला माझ्या घरात कामाला जुपणार न्हाय!" केदारी म्हणाला. काही नाही.

कुणीतरी म्हणालं, "तुमचा ऊस आमी खरा मानतो!" सगळे हसले, अण्णाही हसला, कावळा नाही. ऊन वर यायला लागलं, खिरीवर माश्या बसायला लागल्या. भटजी वैतागले.

"अहो, एरवी मेलेल्याच्या मनातलं ओळखावं लागतं," ते म्हणाले. "इथे तो समोर उभा आहे. त्यालाच विचारा की."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे अण्णाकडे वळले. "अण्णा, काय ऱ्हायलंय तुझं? सांग की," मी म्हणालो.

"काय न्हाय," अण्णा म्हणाला.

कावळ्याने आमच्याकडे पाठ केली.

"खोटं बोलत्यात," बायाक्का म्हणाली. ती बाजूला बसली होती, उठून उभी राहिली. "मी सांगते. रातभर निजल्याती का इचारा. त्यास्नी जयाचं कन्यादान करायचंय. येकच ल्येक हाय आमाला. पोटी ल्योक न्हाय म्हणून कदी बोल लावला न्हाय त्यांनी मला. माझ्या हातनं येक कन्यादान हुईल तेवढं बास, म्हणायचे."

भटजी जमिनीकडे बघत म्हणाले, "कर्ता असेल तोच पाणी सोडणार. आणि गेलेल्या माणसाला ते करता येत नाही. हे मी बदलू शकत नाही."

केदारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तो म्हणालाच. "त्येनी पाणी सोडलं की त्येच कर्ते झाले. गाव म्हणंल तीनशे बारावाल्याची पोर आणली. मग ह्ये समदं कशापायी केलं?"

माझं डोकं फिरलं. ते पान उचलून केदारीच्या अंगावर फेकावंसं वाटलं. एका साहेबाने न पाहिलेले पैसे आमच्या नावावर वाटले आणि त्यापायी माझा भाऊ जितेपणी आपल्या पिंडासमोर उभा होता. "बास झालं ह्ये खूळ," मी म्हणालो. "अण्णा, घरला चल. नगं त्ये लगीन."

अण्णा हलला नाही. त्याने गावाच्या दिशेला बघितलं, जिथे घरात जया असेल. मग तो दोन पावलं पुढे झाला आणि कावळ्याला हात जोडले, वडीलधाऱ्या माणसाला जोडतात तसे.

"बाबा, शिव," तो म्हणाला. "माझं मागं काय ऱ्हायलं न्हाय. पोरीला माझा धाकटा दील. त्येचा हात त्यो माझाच हात. शिव बाबा, पोरगी खोळंबलीया."

कावळा उडाला, थेट पानावर उतरला आणि त्याने पिंडात चोच घातली.

"शिवला! शिवला!" सगळे ओरडले. केदारीने मला मिठी मारली, भरमू नाचायचा तेवढा बाकी होता. मी अण्णाकडे बघत होतो. सकाळपासून चेष्टामस्करी करणारा माणूस आता नुसता उभा होता. मग सगळे आंघोळीला विहिरीवर गेले तसा तोही गेला. मयताने आंघोळ करायची नसते हे त्याला कुणी सांगितलं नाही. भरमूने अण्णाच्या डोक्यावरचा पटका काढून माझ्या डोक्याला बांधला. अजून कोमट होता.

साहेबाच्या नेमाप्रमाणे आमचं घर गळलं. साप्ताहिकात दुरुस्ती आली. वीस रुपयेवाला निघून गेल्याने समुद्रापलीकडच्या लोकांचं सरासरी उत्पन्न एकदम वाढलं होतं आणि त्यांची परिस्थिती चांगलीच सुधारली असं त्यात लिहिलं होतं. साहेबाचा भत्ता बुडाला म्हणतात. तरी माणूस मनाचा मोठा. आण्णाप्पाने कर्ता बदलण्याचं कारण म्हणून मृत्यू असं सांगितलं होतं, तेव्हा साहेबाने पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र घरी पाठवलं. ते अण्णानेच दारात घेतलं आणि आणणाऱ्या गड्याला पाणी दिलं. बायाक्काने ते शेळीला घातलं. व्यापारी पुन्हा उधारीवर सूत देऊ लागला, दोन्ही माग चालू झाले. गरीब झाल्यावर घरात पैसा यायला लागला.

पण अण्णा बदलला. आधी चेष्टेने विचारायचा, "कर्ते, तंबाखू आणू का?" मग विचारण्यातली चेष्टा कमी कमी होत गेली. लग्नाच्या बोलण्यात तो बसेना. पाहुणे आले की मागाच्या खड्ड्यात जाऊन बसायचा. उसाचं नाव तर त्याने काढलंच नाही. मी दोनदा पटका काढून त्याच्यापुढे ठेवला. "आसं करू नगंस," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावर यायचा तर तुला मरावं लागंल."

वैशाख आला. केदारीने शब्द पाळला, वरात आणली. हळदीच्या सकाळी घरात पहिली आवतनं द्यायची असतात. पहिलं देवाला, दुसरं घरातल्या गेलेल्या माणसांना. कर्ता म्हणून ते माझं काम होतं. मी देवघरात आप्पांच्या आणि आईच्या नावाने अक्षता ठेवल्या आणि सुपारी उचलली, तोच जया आली. अंगावर हळद, हिरवा चुडा. तिने माझ्या हातातली सुपारी आणि अक्षता काढून घेतल्या आणि चालायला लागली.

अण्णा मागावर होता, आमच्याकडे पाठ करून. घरात लग्न असताना तो विणत बसला होता. जया खड्ड्याच्या कडेला बसली.

"अण्णा," ती म्हणाली, "उद्या माझं लगीन हाय. गेलेल्या माणसांस्नी आवतन आदी असतंया, जित्यांच्या आदी. तुमी समद्यांच्या म्होरं बसायचं."

अण्णाने धोटा थांबवला. ओंजळ पुढे केली, तिने अक्षता ओतल्या. ऊस आभाळाला टेकवणारा माझा भाऊ ओंजळीतल्या अक्षता मोजल्यासारखा बघत राहिला. शेवटी म्हणाला, "लई लांबनं यावं लागतंय गं पोरी. समुद्र वलांडून."

"मग आत्ताच निगा," जया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडवात देवकापाशी, सगळ्यांच्या पुढे, पूर्वजांसाठी मांडलेल्या पाटावर माझा भाऊ बसला. नवं धोतर, डोकं उघडं. त्याला तिथून उठवायची कुणाची छाती झाली नाही. मयताला कोण काय म्हणणार? अक्काताईने तांब्या धरला, मी हात पुढे केला आणि तो तसाच धरून अण्णाकडे बघत राहिलो. तेव्हा बाजूने एक हात आला. वर्षानुवर्षं धोटा फेकून घट्टे पडलेला, मी डोळे मिटूनही ओळखला असता असा. त्याने माझं मनगट धरलं, वळवलं आणि पाणी परसूच्या हातावर नीट सोडलं.

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले नाहीत. केदारीने ते पाहिलं आणि लगेच मांडवाच्या छताकडे बघायला लागला. धार संपली तरी अण्णाने माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि मीही ते ओढून घेतलं नाही.